बार्नस्टॉर्मिंग महिला बास्केटबॉल संघ

अमेरिकेत गावोगाव फिरून, तिकीट लावून सामने खेळणारे महिलांचे व्यावसायिक संघ. ‘बार्नस्टॉर्मिंग’ हा शब्द मूळचा नाटकवाल्यांचा. फिरत्या मंडळ्या खेड्यात गेल्या की शेतावरच्या कोठारातही खेळ लावत. या कोठाराला बार्न म्हणतात.

यांतला सर्वांत दीर्घायुषी संघ ‘ऑल अमेरिकन रेड हेड्स’. पुरुषांचा फिरता संघ चालवणारे सी. एम. ओल्सन यांनी तो १९३६ मध्ये मिझुरी राज्यातील कॅसव्हिल येथे उभा केला. त्यांच्या पत्नी डॉइल यांची ब्यूटी पार्लर होती. खेळाडूंचे लाल रंगवलेले केस ही संघाची ओळख झाली. मोटारीत दाटीवाटीने बसायचे, संध्याकाळी एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये तिथल्या पुरुषांशी खेळायचे, सकाळी पुढचे गाव गाठायचे, असा हंगाम महिनोन्‌महिने चाले. सामन्यात गमतीजमतीही असत, पण त्यावरून या संघाला करमणुकीचा फड ठरवणे अन्यायाचे होईल.

कारण खरी गोष्ट नियमांची आहे. १८९२ मध्ये स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी मुलींना बास्केटबॉल शिकवला तेव्हा त्यांनी मैदानाचे भाग पाडले. आपल्या भागाबाहेर जायचे नाही. पुढे सहा-सहा जणींचा खेळ रूढ झाला: तिघींनी फक्त बास्केट करायच्या, तिघींनी फक्त अडवायचे. एवढी धावपळ बायकांना सोसणार नाही, ही समजूत त्यामागे होती. अमेरिकेतील कॉलेजच्या मुलींना पाच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ १९७१ मध्ये मिळाला. रेड हेड्स तो पहिल्यापासून, पुरुषांच्या नियमांनी आणि पुरुषांविरुद्धच खेळत होत्या, आणि बहुतेक सामने जिंकत होत्या.

हेझल वॉकर या आर्कान्साच्या खेळाडू काही हंगाम रेड हेड्सकडून खेळल्या आणि १९४९ मध्ये त्यांनी स्वतःचा ‘आर्कान्सा ट्रॅव्हलर्स’ हा संघ काढला. खेळाडू, प्रशिक्षक आणि मालक त्याच. मध्यंतरात गावातल्या अचूक बास्केट करणाऱ्या खेळाडूला त्या फ्री थ्रोचे, म्हणजे कोणी न अडवता ठरावीक रेषेवरून चेंडू बास्केटमध्ये टाकण्याचे, आव्हान देत. फ्री थ्रो त्या उभ्याने मारत, गुडघ्यांवर बसूनही मारत. हा संघ १९६५ पर्यंत चालला.

कृष्णवर्णीय खेळाडूंची वाट वेगळी होती. १९३० च्या दशकात ‘फिलाडेल्फिया ट्रिब्यून’ या वृत्तपत्राच्या संघातून ओरा वॉशिंग्टन खेळत. त्या टेनिसमध्येही अव्वल होत्या, तरी वर्णभेदामुळे गोऱ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा त्यांना बंद होत्या. त्यांना बास्केटबॉलच्या नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या सन्मानयादीत, स्थान मिळाले ते २०१८ मध्ये, मृत्यूनंतर.

१९५५ मध्ये रेड हेड्स ऑरवेल मूर यांनी विकत घेतला व पुढे त्याचा मुक्काम आर्कान्सातील कॅरावे येथे हलला. मुलींना शाळा-कॉलेजात खेळाची दारे उघडणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ मध्ये आला, १९७८ मध्ये महिलांची पहिली व्यावसायिक लीग सुरू झाली. फिरत्या संघांची गरज ओसरली आणि १९८६ मध्ये रेड हेड्स थांबला. २०१२ मध्ये नेस्मिथ हॉल ऑफ फेमने या संघाचा गौरव केला. ऑरवेल यांच्या पत्नी लोरीन ‘बुच’ मूर यांच्या नावावर ११ हंगामांत ३५,४२६ गुण सांगितले जातात.