स्तन पुन्हा घडवला तर आत कॅन्सर लपतो?

कोथरूड असो की हडपसर, स्तन काढलेल्या बाईला भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास बजावतं: "नवीन करून घेऊ नकोस, आत कॅन्सर लपतो." हे खरं नाही. पुनर्रचनेमुळे कॅन्सर परतण्याची शक्यता वाढत नाही. त्या जागी तो परतलाच, तर गाठ बहुतेकदा त्वचेत किंवा तिच्या लगेच खाली येते आणि तपासताना हाताला लागते.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती (स्तनाच्या जागी आत बसवायची कृत्रिम पिशवी) क्वचित वेगळाच, लिम्फोमा प्रकारचा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर होतो. २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने असे इम्प्लांट जगभरातून परत मागवले. म्हणून इम्प्लांट कोणतं, हे विचाराच. रेडिएशन होणार असेल तर इम्प्लांटभोवतालचा भाग आवळून कडक होण्याचा धोका वाढतो. तेव्हा पोटाच्या किंवा पाठीच्या ऊतींपासून स्तन घडवण्याचा पर्याय अनेकदा बरा ठरतो. ऑपरेशन मात्र मोठं, जखम दोन ठिकाणी.

घाई नको, हे काही वर्षांनीही करता येतं. छाती सपाट ठेवली तरी उपचार अर्धवट राहत नाहीत. काहीही निवडा, पण खांद्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारून वेळेत सुरू करा, नाहीतर हात वर जाईनासा होतो.