घास, अक्षर आणि सैनिकांची जपानी: इंग्रजीतल्या ‘थोडंसं’ची पार्श्वभूमी

मोजूनमापून सांगायचं नसलं की इंग्रजी बोलणारा माणूस ‘अ बिट’, ‘अ टॅड’, ‘अ स्मिजन’ असं काहीतरी म्हणतो. शब्दकोशात या सगळ्यांपुढे ‘थोडेसे’ एवढंच लिहिलेलं सापडतं. त्यात या शब्दांवर अन्याय होतो असं मला वाटतं, कारण यातले बरेचसे शब्द एकेकाळी खऱ्याखुऱ्या वस्तूंची नावं होते.

‘बिट’ म्हणजे मुळात घास, एका चाव्यात तुटेल एवढा तुकडा. ‘टॅड’ हे 19व्या शतकातल्या अमेरिकेत लहान पोराचं नाव, बहुधा बेडकाच्या ‘टॅडपोल’ या पिल्लावरून आलेलं. अब्राहम लिंकन यांचा धाकटा मुलगा थॉमस याच लाडक्या नावाने ओळखला जाई. प्रमाणाचा अर्थ या शब्दाला पुढे 20व्या शतकात चिकटला.

‘जॉट’चा जन्म मात्र लिपीतला. तो आला ग्रीक वर्णमालेतल्या आयोटावरून; आयोटा म्हणजे नुसती एक उभी रेघ, सगळ्यांत लहान अक्षर. मत्तयच्या शुभवर्तमानात (5:18) येशू सांगतो की नियमशास्त्रातलं सर्वांत लहान अक्षर किंवा त्याची रेघसुद्धा नाहीशी होणार नाही. 1611च्या किंग जेम्स बायबलात तिथे ‘जॉट’ आणि ‘टिटल’ हे शब्द आहेत. आपण ‘काना-मात्रेचाही फरक नाही’ म्हणतो, ती हीच कल्पना. ‘जॉट’ आजही बहुतेक नकारातच वापरतात. आपला ‘तसूभर’ तसाच: तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग, पण माणूस ‘तसूभर हलला नाही’ असंच आपण म्हणतो, ‘तसूभर हलला’ असं सहसा नाही.

सगळ्यांत लांबून आलेला शब्द ‘स्कोश’. जपानीत ‘सुकोशी’ म्हणजे थोडं, आणि त्यातला उकार बोलताना जवळजवळ ऐकूच येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात राहिलेल्या आणि कोरियन युद्धाच्या काळात तिथून ये-जा करणाऱ्या अमेरिकी सैनिकांनी कानाला लागला तसा तो उचलला. पुढे अमेरिकेत जीन्सच्या जाहिरातीही ‘स्कोशभर जास्त जागा’ देऊ लागल्या.

‘स्मिजन’ मात्र उलट्या वाटेने, मोघम शब्दाकडून नेमक्या मापाकडे गेला. आता मापाच्या चमच्यांवर तो कोरलेला मिळतो: ‘डॅश’ टीस्पूनचा आठवा भाग, ‘पिंच’ सोळावा आणि ‘स्मिजन’ बत्तिसावा.