बायोटेकनंतर पेटंट क्षेत्र: आधी कोणती पदवी, मग कोणता अर्ज?

बायोटेक शिकलेली मुलं पेटंटकडे वळायचं म्हटलं की आधी एलएलबीची चौकशी करतात. तेवढी घाई नको. पेटंट एजंट, म्हणजे संशोधकाच्या वतीने पेटंट कार्यालयात अर्जाचं काम पाहणारा, व्हायला वकिलीची पदवी लागत नाही.

पेटंट कायदा, 1970 च्या कलम 126 नुसार अर्जदार भारतीय नागरिक हवा, वयाची 21 वर्षं पूर्ण हवीत, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी हवी आणि पात्रता परीक्षा उत्तीर्ण हवी. म्हणजे बीएस्सी पुरते. उलट बारावीनंतर थेट बीए-एलएलबी केलेल्याला पेटंटचा खटला लढवता येतो, पण एजंटच्या परीक्षेला बसता येत नाही. एलएलबी मागाहून करता येते. विज्ञानाची पदवी मागाहून घ्यायला क्वचितच कोणी जातं. म्हणून विज्ञान आधी.

मग एमएस्सी कशाला? सरकारी पेटंट परीक्षक, म्हणजे पेटंटचे अर्ज तपासणारा अधिकारी, व्हायचं असेल तर. 2023 मध्ये 553 जागांची भरती निघाली, तेव्हा बायोटेकच्या जागांसाठी पदव्युत्तर पदवीची अट होती आणि वयोमर्यादा 35. हा रस्ता डोक्यात असेल तर बीएस्सीवर थांबू नका.

एजंटची परीक्षा दर वर्षी होईलच असं नाही. 2023 नंतरची परीक्षा थेट जानेवारी 2025 मध्ये झाली. त्यामुळे पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. शुल्क आणि केंद्रं त्या-त्या अधिसूचनेत असतात. पहिला पेपर कायदा आणि नियमांचा, दुसरा स्पेसिफिकेशन (पेटंट अर्जातलं शोधाचं लेखी वर्णन) लिहिण्याचा व त्याचा अर्थ लावण्याचा, प्रत्येकी 100 गुण. तोंडी परीक्षा 50 गुणांची. दोन्ही पेपरांत किमान 50 आणि एकूण 60 टक्के, म्हणजे 250 पैकी 150 लागतात. इथेच गफलत होते. दोन्हीकडे जेमतेम 50 पडले, तर तोंडीत 50 पैकी 50 मिळवावे लागतील! मुलं कलमं घोकतात, पण क्लेम, म्हणजे शोधाच्या नेमक्या कोणत्या भागावर हक्क हवा ते सांगणारी वाक्यं, लिहायचा सराव करत नाहीत.

बायोटेकवाल्यांनी पेटंट कशाला मिळत नाही ते सांगणारं कलम 3 मात्र बारकाईने वाचावं. 3(जे) नुसार सूक्ष्मजीव वगळता वनस्पती, प्राणी आणि त्यांचे भाग यांना पेटंट मिळत नाही. नव्या सूक्ष्मजीवाच्या नुसत्या वर्णनाने भागत नसेल, तर तो बुडापेस्ट कराराखालच्या (पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार) मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागतो. असा एक संग्रह आपल्या पुण्यात आहे, दुसरा चंडीगडला. शोधात भारतातलं जैविक साधन वापरलं असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचाही विषय येतो.

परीक्षेच्या अर्जाला कागदपत्रं फार नाहीत: दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), पदवी प्रमाणपत्र व गुणपत्रिका, ओळखपत्र, फोटो, सही. आधार आणि गुणपत्रिकेवरच्या नावाचं स्पेलिंग आत्ताच ताडून पाहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र जवळ असू द्या. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर काम संपत नाही. नमुना 22 मध्ये नोंदणीचा अर्ज, सोबत वर्तणुकीचा दाखला आणि शुल्क द्यावं लागतं. पुढे नाव नोंदवहीत राहावं म्हणून दर वर्षी शुल्क भरावं लागतं.

एजंट पेटंट कार्यालयापुढे काम करतो, कोर्टात उभा राहू शकत नाही. तिथे जायचं असेल तेव्हा तीन वर्षांची एलएलबी. महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी द्यावी लागते. खुल्या प्रवर्गाला पदवीत किमान 45 टक्के हवेत.