कापसाच्या बोळ्याने डीजे अडत नाही

लातूर असो की परभणी, वरातीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत तान्ह्या बाळाच्या कानात कापूस कोंबतात आणि निर्धास्त होतात. हा समज चुकीचा आहे. कोरडा कापूस आवाज जेमतेम 5-7 डेसिबलने कमी करतो. डीजेजवळ आवाज सहज 100 च्या वर जातो, आणि मोठ्या माणसालाही 100 डेसिबल पंधरा मिनिटांपुरताच चालतो. शिवाय आत सरकलेला बोळा काढायला दवाखाना गाठावा लागतो तो वेगळाच.

फोमचे इअरप्लगही तान्ह्यांना नकोत. कानाची नळी अरुंद असते, आणि निघालेला प्लग थेट तोंडात जातो.

लहान मुलांचे, कान पूर्ण झाकणारे इअरमफ घ्या. नीट बसले तर साधारण 20-25 डेसिबल कमी होतात. आपल्याकडे ते कुंचीवरून चढवतात, तिथेच घोळ होतो: कापडाच्या चुणीतून आवाज आत शिरतो. आधी कुंची काढा, इअरमफची गादी थेट कातडीला टेकवा, कडेने बोट फिरवून फट तपासा. उकाड्यात अधूनमधून काढायचे, पण आवाजापासून लांब नेऊन.

मोकळ्या मैदानात डीजेपासूनचं अंतर दुप्पट केलं की सुमारे 6 डेसिबल घटतात; गल्लीत भिंतींमुळे तेवढे नाही. डीजेपुढे मात्र इअरमफ असूनही बाळ नेऊ नका.

"झोपलंय, म्हणजे त्रास नाही" हेही खोटं. झोपेतही कान उघडेच असतात.