‘नामा म्हणे’, पण कोणता नामा?

गणपतीत आरत्यांचा धडाका सुरू झाला की ‘युगे अठ्ठावीस’ आणि ‘येई हो विठ्ठले’ हमखास होतात. पहिलीत शेवटी येतं ‘केशवासी नामदेव भावे ओवाळिती’, दुसरीत ‘विष्णुदास नामा जीवेंभावें ओवाळी’. आपण दोन्ही नामदेवांच्या नावावर टाकतो आणि प्रसादाकडे वळतो. पण मराठीत ‘नामा’ नावाचे कवी दोन आहेत. (नामा पाठक हा आणखी एक कवी धरला तर तीन, पण त्याला इथे बाजूला ठेवू.)

पहिले संत नामदेव. 1270 ते 1350, ज्ञानेश्वरांचे समकालीन, जातीनं शिंपी, पंढरपूरचे आणि पुढे पंजाबात गेलेले. त्यांचं माध्यम म्हणजे अभंग. दुसरा विष्णुदास नामा. हा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, म्हणजे एकनाथांच्या काळातला. त्यानं महाभारत ओवीबद्ध केलं, आख्यानं लिहिली. दोघांत जवळजवळ अडीचशे वर्षांचं अंतर आहे, तरी गाथ्यात दोघांची रचना अशी मिसळली आहे की वेगळी काढता काढता अभ्यासकांच्या नाकी नऊ आले.

घोटाळ्याचं मूळ मुद्रेत आहे. मुद्रा म्हणजे शेवटच्या चरणात कवीचं नाव. आपण तिला सही समजतो, पण ‘विष्णुदास’ ही पदवी कोणताही वैष्णव लावून घेऊ शकतो. त्यामुळे ‘विष्णुदास नामा’ दिसलं की लगेच ‘हा दुसरा’ म्हणता येत नाही. पहिले नामदेवही स्वतःला विष्णूचा दास म्हणवू शकतात. उलट नुसतं ‘नामा म्हणे’ दिसलं म्हणून ‘हा पहिला’ असंही नाही.

मग भाषा पाहावी? इथे जरा जपून. अभंग कीर्तनकारांच्या तोंडी शतकानुशतकं फिरले, लेखकूंनी उतरवताना आपल्या काळचे शब्द घातले. म्हणून जुनं रूप सापडलं तर ते काहीतरी सांगतं, नवं रूप सापडलं तर फारसं काही सांगत नाही. फारसी शब्दांचंही तसंच. ‘यात फारसी शब्द आहे, म्हणजे नामदेवांचा नाही’ हा निकाल मला घाईचा वाटतो. नंतरच्या माणसाचा उल्लेख हा त्याहून पक्का पुरावा. नाम्याच्या अभंगात एकनाथ आले तर तो चरण 1350 पूर्वीचा नाही, हे उघड आहे. पण तो चरण नामदेवांचा नाही म्हणजे अख्खा अभंगच त्यांचा नाही, असं मात्र होत नाही. एखादं कडवं मागाहून चिकटलेलं असू शकतं.

दुसऱ्या नाम्याचा काळ मात्र छान हाताशी लागतो. आपल्या ‘शुकाख्यान’ या आख्यानाच्या शेवटी तो संवत्सराचं नाव मन्मथ देतो, पौष अमावास्या आणि वार सोमवार सांगतो. संवत्सराची नावं साठ वर्षांनी परत येतात, तेव्हा नुसत्या ‘मन्मथ’वर भागत नाही. पण शके 1517 घेऊन गणित केलं की पौष अमावास्या सोमवारीच पडते, म्हणजे 1596 चा जानेवारी. हल्ली कुठली तारीख इतकी नेटकी जुळते!

पहिल्या नामदेवांसाठी असा आधार महाराष्ट्राबाहेर मिळतो. गुरू अर्जुनदेवांनी 1604 मध्ये शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची 61 पदं आहेत. तीही नामदेवांच्या मृत्यूनंतर अडीचशे वर्षांनी ग्रंथात आली, पण एकदा आल्यावर मात्र तिथेच घट्ट बसली. त्यातलं एक पद: ‘मन मेरो गजु जिहबा मेरी काती’. मन हा कापड मोजायचा गज, जीभ ही कात्री, त्यांनी मापून मापून यमाचा फास कापायचा. दुसऱ्या पदात ‘छीपे के घरि जनमु दैला’ (शिंप्याच्या घरी जन्म दिला) असं येतं आणि त्या ‘दैला’शी मराठी कानाची लगेच ओळख पटते. कवी कापडाच्या धंद्यातला आहे हे इथे मुद्रेवरून नव्हे, हत्यारांवरून कळतं.

आता पुन्हा आरत्यांकडे. ‘विष्णुदास नामा ओवाळी’ हे एकवचन आहे, माणूस स्वतःबद्दल बोलतो तसं. ‘नामदेव ओवाळिती’ हे आदरार्थी अनेकवचन. स्वतःला कोण ‘ओवाळिती’ म्हणेल? दुसराच कोणीतरी नामदेवांना ओवाळताना पाहतोय, असं वाटून जातं. यावर कोणी म्हणेल की वरच्या ओळींत ‘येती’, ‘करिती’, ‘मुक्ती’ आहेत, यमकानं ‘ओवाळिती’ करायला लावलं. तेही खरं. आरतीसंग्रह माझ्या हाती असता तर मी ‘येई हो’खाली ‘विष्णुदास नामा, कोणता ते अनिश्चित’ असं छापलं असतं आणि ‘युगे अठ्ठावीस’खालच्या ‘संत नामदेव’पुढे एक प्रश्नचिन्ह.