‘क्लोज’ मीटिंग म्हणजे काय: एका शब्दामागची पार्श्वभूमी

दारू सोडायचं ठरलं की कुणीतरी सांगतंच, “मीटिंगला जा.” म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (एए) मीटिंगला, जिथे दारू सोडू पाहणारी माणसं एकमेकांना आधार द्यायला जमतात. वार, वेळ, पत्ता, सगळं मिळतं. पत्त्यापुढे ‘ओपन’ किंवा ‘क्लोज’ असा एक शब्द असतो आणि बहुतेकांचा घोळ तिथे होतो.

माझी काकू काकांना घेऊन पहिल्यांदा गेली ती मध्य मुंबईतल्या एका पालिका शाळेत. दारातल्या गृहस्थांनी हात जोडले. “वहिनी, आज क्लोज आहे.” मीटिंग रद्द झाली असं समजून ती काकांचा हात धरून जिना उतरायला लागली. मग त्यांनीच मागून येऊन समजावलं की यांना आत येऊ द्या, तुम्ही तेवढ्या बाहेर थांबा. तिसरीच्या वर्गातल्या बाकात काकांचे गुडघे मावत नव्हते. काकू दीड तास पायरीवर बसून होती.

तो शब्द आला कुठून? अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १९३५ साली एएची ही चळवळ सुरू झाली तेव्हा असं काही नव्हतं. घरातल्या दिवाणखान्यात लोक जमत आणि बायकाही सोबत बसत. या बैठका एका ख्रिस्ती गटाच्या आधाराने चालत, आणि ती प्रार्थनेची पद्धत कॅथलिक सभासदांना अडचणीची होती. १९३९ मध्ये त्याच राज्यातल्या क्लीव्हलंड शहरातली मंडळी वेगळी झाली त्यामागे हेही कारण होतं. आपल्याला सोयीची मीटिंग शोधणं इतकं जुनं आहे. आपल्याकडे आजही ‘चर्चच्या हॉलमध्ये कशाला, धर्म बदलायला लावतील’ या धास्तीने कितीतरी घरं पहिल्या दिवशीच मागे फिरतात. हॉल फक्त भाड्याचा असतो, हे त्यांना आधी कुणी सांगत नाही.

सदस्य कोण, याचं उत्तर १९५० साली मान्य झालेल्या ‘परंपरां’मध्ये, म्हणजे एएच्या तत्त्वांमध्ये, एका ओळीत आहे: दारू थांबवण्याची इच्छा. आधी ‘प्रामाणिक इच्छा’ असं म्हटलं जाई. ते विशेषण पुढे गळलं आणि ते बरंच झालं. दारात उभं राहून कुणाचा प्रामाणिकपणा मोजणार?

मुंबईत पहिली मीटिंग भरली १९५७ च्या सुमारास. १९४९ च्या कायद्याने राज्यात दारूबंदी होती आणि परवान्याशिवाय पिणं हा गुन्हा होता. अशा शहरात चार अनोळखी माणसांसमोर ‘मी पितो’ म्हणणं म्हणजे गुन्ह्याची कबुलीच. दार लावून घेण्याला इथे अमेरिकेपेक्षा जास्त अर्थ होता, असं मला वाटतं.

खरा वाद ऐंशीच्या दशकातला. गर्दचं, म्हणजे ब्राऊन शुगरचं, व्यसन पसरलं आणि दारूही पिणारी, गर्दही ओढणारी पोरं मीटिंगला यायला लागली. येरवड्याला १९८६ मध्ये सुरू झालेल्या व्यसनमुक्ती केंद्रात दोन्हींचे पेशंट एकाच छताखाली उपचार घेत. बाहेर पडल्यावर मात्र दारूवाल्यांच्या आणि गर्दवाल्यांच्या वाटा वेगळ्या. एएच्या एका संस्थापकाने १९५८ सालीच लिहून ठेवलं होतं की ज्याला दारूची समस्या नाही, फक्त इतर नशेची आहे, त्याला सदस्य होता येणार नाही. ओपन मीटिंगला मात्र तो येऊ शकतो. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या वार्षिक परिषदेने त्याचं निवेदनच मंजूर केलं. क्लोज मीटिंग फक्त दारू थांबवण्याची इच्छा असलेल्यांसाठी, ओपन मीटिंग कुणालाही खुली, आणि दोन्हीकडे बोलणं दारूपुरतं ठेवावं अशी विनंती.

यामागचं कारण खोटं नाही. तीस वर्षं देशी प्यायलेल्या माणसाला गर्दच्या गोष्टीत स्वतःचा चेहरा दिसत नाही, आणि तो दिसला नाही तर तो पुढच्या आठवड्यात येत नाही. पण दोन्हीत अडकलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला ‘तेवढं इथे बोलू नको’ असं सांगितलं, की त्याने अर्धं आयुष्य चपलांबरोबर दाराबाहेर काढून आत यावं असं होतं. नियमाने तो सदस्य आहे, ही गोष्ट त्याला ठणकावून सांगायला हवी. ते फार कमी ठिकाणी होतं. घरच्यांसाठी १९५१ पासून अल-अनॉन नावाची वेगळी फेलोशिप, म्हणजे संघटना, आहे. तिचं नावही काकूला त्या पायरीवर कुणी सांगितलं नव्हतं.

‘क्लोज’ला जायला ‘मी मद्यपी आहे’ असं म्हणावं लागत नाही. थांबावंसं वाटतंय, एवढं पुरतं. बायकोला, भावाला सोबत न्यायचं असेल तर ओपनचा वार फोन करून विचारावा. मराठीत शेअरिंग, म्हणजे आपली गोष्ट सांगणं, चालतं का, बायकांची वेगळी मीटिंग आहे का, हे त्याच फोनवर विचारून घ्यावं.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद, हॉल बंद, म्हणून मीटिंगा मोबाइलवर आल्या आणि काही तिथेच राहिल्या. परगावी, परदेशी असलेल्यांना त्यामुळे मायबोलीत बोलता येऊ लागलं. दार मात्र उरलं नाही. क्लोज मीटिंगला समोरच्याच्या मागे कोण बसलंय हे कॅमेऱ्यात दिसत नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगतात: कानात हेडफोन घाला, खोलीत एकटे बसा. ज्याच्या घराला एकच खोली, तो फोन घेऊन जिन्यात जाऊन बसतो.