हर्लिंगमधील धसमुसळेपणा आणि मुलांची घडण

हर्लिंग हा आयर्लंडचा काठी-चेंडूचा सांघिक मैदानी खेळ. गेलिक फुटबॉलच्या जोडीने त्याचा कारभार गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन (जीएए) पाहते. टिप्परेरी काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) थर्लस गावी १ नोव्हेंबर १८८४ रोजी मायकल क्यूसॅक यांच्या पुढाकाराने ही संस्था स्थापन झाली. हर्लिंग आणि त्याचा महिलांचा प्रकार कमोगी यांना युनेस्कोने २०१८ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. सर्वोच्च पातळीवरचे खेळाडूही हौशीच आहेत. रविवारी डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऐंशी हजार प्रेक्षकांपुढे खेळलेला खेळाडू पुन्हा आपल्या नोकरीवर हजर असतो. हात मोडला तर कामधंद्यालाही खीळ बसते, त्यामुळे धसमुसळ्या खेळाबद्दलची चर्चा तिथे घरोघर चालते.

प्रत्येक संघात १५ खेळाडू असतात. मैदान १३० ते १४५ मीटर लांब आणि ८० ते ९० मीटर रुंद असते. दोन गोलखांबांमधले अंतर ६.५ मीटर, आडवा दांडा २.५ मीटर उंचीवर, आणि उभे खांब त्याच्याही वर गेलेले. चेंडू दांड्यावरून गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर गोल म्हणजे तीन गुण. फलकावर ३-३ लिहिले असेल तर तीन गोल आणि तीन गुण, एकूण १२. काउंटींच्या वरिष्ठ संघांचा सामना ७० मिनिटांचा असतो. स्लिटर हा चामड्याचा चेंडू ६९ ते ७२ मिलिमीटर व्यासाचा आणि ११० ते १२० ग्रॅम वजनाचा. अ‍ॅश झाडाच्या लाकडाच्या हर्लीने, म्हणजे चपट्या पात्याच्या काठीने, नीट मारला तर तो ताशी १०० किलोमीटरचा वेग सहज ओलांडतो. चेंडू हातात धरून चारच पावले टाकता येतात. हर्लीच्या पात्यावर तोलून मात्र कितीही धावावे. जमिनीवरचा चेंडू थेट हाताने उचलणे हा फाउल.

हॉकी पाहिलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो उंचावलेल्या काठ्यांचा. इथे डोक्यावरून येणारा चेंडूही फटकावतात, आणि खांद्याला खांदा भिडवून प्रतिस्पर्ध्याला रेटणे नियमात बसते. अट अशी की धडक बाजूने बाजूला असावी, रेटणाऱ्याचा किमान एक पाय जमिनीवर असावा आणि समोरचा खेळाडू चेंडू खेळत असावा किंवा दोघेही चेंडूकडे झेपावत असावेत. समोरून छातीवर आदळणे, पाठीत ढकलणे, पाय अडकवणे, हाताने धरून ठेवणे आणि हर्ली निष्काळजीपणे फिरवणे हे सगळे फाउल. हर्लीने जोरात प्रहार केला तर थेट लाल कार्ड आणि पुढची बंदी.

कायदेशीर बचावाची दोन मुख्य हत्यारे म्हणजे ब्लॉक आणि हूक. ही दोन्ही अर्धवट केली की इजा होते. ब्लॉक करताना बचावपटूने दोन्ही हातांनी हर्ली धरून, एक लांब पाऊल आत टाकून, फटका मारणाऱ्याच्या पात्याला आपले पाते भिडवायचे. इतक्या जवळ गेले की हर्लीला पूर्ण झोका घ्यायला जागाच उरत नाही आणि चेंडू दोन पात्यांमध्ये मरतो. भीतीने तेच पाऊल अर्धे पडले की बचावपटूची बोटे आणि तोंड नेमके झोक्याच्या टोकाशी, म्हणजे सर्वाधिक वेगाच्या जागी येतात. हूक हा उलट प्रसंगातला उपाय आहे. जवळ पोहोचणे शक्य नसेल तेव्हा मागून किंवा बाजूने, एका हाताने, पूर्ण हात लांबवून आपली हर्ली त्याच्या झोक्याच्या वाटेत नुसती ठेवायची. नवखा खेळाडू ती ठेवत नाही, वरून खाली हाणतो. मग चेंडू राहतो बाजूला आणि पेर मोडते. जमिनीवरच्या चेंडूवर दोघे एकाच वेळी मारतात तिथेही हाच न्याय: खांदा खांद्याला लागलेला असेल तर नडगी वाचते, हातभर अंतर ठेवले तर तीच आधी सापडते.

म्हणून हर्लिंगमध्ये धसमुसळेपणा आणि मुलांचे प्रशिक्षण हे दोन वेगळे विषय मानणे चूक आहे. घाबरून दूर उभा राहणारा मुलगा पुढे दोनपैकी एका वाटेने जातो. एक तर तो खेळ सोडतो, नाहीतर उशिरा पोहोचून हर्ली फिरवणारा खेळाडू होतो. जवळ जाण्याचे धैर्य सात-आठ वर्षांच्या वयात, हळू चेंडूवर आणि ओळखीच्या जोडीदारासमोर, शेकडो वेळा ब्लॉक करून येते.

सुरुवात हर्लीच्या लांबीपासून करावी लागते. काठी शेजारी उभी धरली की तिचे टोक कमरेच्या हाडापर्यंत यावे. ‘वाढत्या अंगाचा आहे’ म्हणून पालक दोन इंच लांब काठी घेतात आणि मग मुलाचे दोन्ही हात एकमेकांपासून लांब राहतात, मनगटे अडकतात, झोका आडवा जातो आणि शेजारच्याला लागतो. सबळ हात नेहमी वर, टोकाशी. फटक्याच्या क्षणी दुसरा हात सरकून त्याला चिकटला पाहिजे. चेंडू उचलताना पाय चेंडूच्या बगलेत, गुडघे वाकलेले, हर्ली जमिनीशी जवळजवळ समांतर आणि मूठ शरीराच्या बाजूला. मूठ पोटासमोर आली आणि पाते गवतात रुतले तर दांड्याचे टोक थेट पोटात बसते. नव्या मुलांच्या रडण्याचे हे नेहमीचे कारण. उंच चेंडू झेलताना एका हाताने झेल आणि दुसऱ्या हातातली हर्ली त्या पंजाच्या आडोशाला, ही सवय लहानपणी लागली नाही तर बोटे वारंवार मोडतात. लहान वयोगटांसाठी मोठा, हलका चेंडू वापरतात आणि छोट्या मैदानावर कमी खेळाडूंचे सामने होतात. त्या ‘गो गेम्स’मध्ये चषक नसतो आणि प्रत्येक मूल पूर्ण वेळ खेळते.

डोक्याच्या संरक्षणाचा नियम बराच उशिरा आला. तोंडावर जाळी असलेले हेल्मेट १ जानेवारी २०१० पासून सर्व वयोगटांत सक्तीचे झाले. अनेक ज्येष्ठ खेळाडूंना ते नकोसे होते, पण डोळे आणि दात वाचले हे निर्विवाद. हात मात्र उघडाच राहिला, त्यामुळे हाताची हाडे मोडणे ही आजही नेहमीची इजा आहे. जाळीची एखादी तार कापून दृष्टी मोकळी करण्याची खोड काही खेळाडूंना असते. त्या फटीतून हर्लीचे टोक आत शिरते आणि हेल्मेटचा अर्थच संपतो.

चाहत्यांमध्ये खरा वाद आहे तो पंचगिरीचा. एका गटाचे म्हणणे, शिट्टी कमी वाजवा, खेळ वाहता राहू द्या. दुसरा गट विचारतो, मग मोकळ्या हाताने प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवणाऱ्याला आवरणार कोण? कठोर धडक आणि हिशेबी फाउल यांत गल्लत झाली की हा वाद भरकटतो. गोल होणार हे दिसताच मागून ओढून पाडणारा खेळाडू रागाने खेळत नसतो; एका गुणाच्या फ्री हिटवर तो तीन गुण वाचवत असतो. २०२१ मध्ये यावर नियम आला. २० मीटर रेषेच्या किंवा तिला लागून असलेल्या अर्धवर्तुळाच्या आत, गोलची स्पष्ट संधी पाडून, पाय अडकवून किंवा हर्लीच्या निष्काळजी वापराने हिरावली तर पेनल्टी आणि दोषी खेळाडू दहा मिनिटे बाहेर. त्याच वर्षी क्लेअर विरुद्ध टिप्परेरी या काउंटींच्या मन्स्टर प्रांताच्या उपांत्य सामन्यात ही शिक्षा झाली तेव्हा ‘ही गोलची संधी होतीच कुठे’ यावर रान उठले. नियमाचा हेतू योग्य आहे. ‘स्पष्ट संधी’ ठरवण्याचे ओझे मात्र एकट्या पंचावर पडते.

गुणवत्ता ओळखण्यातही शरीर आडवे येते. चौदाव्या वर्षी लवकर वाढलेला मुलगा खांद्याच्या जोरावर सामने जिंकून देतो, त्यामुळे त्याला दुबळ्या बाजूने फटका शिकवण्याची गरज कोणाला वाटत नाही. अठराव्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला पोहोचतात आणि तो मागे पडतो. कुमार गटाचा चषक म्हणजे पुढच्या यशाची हमी, असे धरून चालणाऱ्यांनी लिमरिक काउंटीचा संघ पाहावा. २००० ते २००२ अशी सलग तीन वर्षे त्यांनी २१ वर्षांखालील विजेतेपद मिळवले, तरी वरिष्ठ संघाच्या हाती काही लागले नाही. पुढे अकादमीतून तयार झालेल्या पिढीने २०१५ आणि २०१७ मध्ये तोच चषक जिंकला, २०१८ मध्ये १९७३ नंतरचे पहिले वरिष्ठ विजेतेपद आणले आणि २०२० ते २०२३ अशी सलग चार जिंकली.

हुशार मुलाचा दुसरा शत्रू अतिखेळ. शाळा, क्लबचे दोन-तीन वयोगट आणि काउंटी, सगळ्यांना तोच हवा असतो आणि प्रत्येक प्रशिक्षकाला आपलाच सराव महत्त्वाचा वाटतो. २०१८ पासून काउंटींच्या ‘मायनर’ गटाची मर्यादा १८ वरून १७ वर्षांवर आणली, त्यामागे शालान्त परीक्षेचे वर्ष मोकळे करणे आणि हा भार कमी करणे हेही कारण होते.

क्लेअरचा शेन ओ’डॉनेल २०१३ च्या अखिल आयर्लंड स्पर्धेच्या अंतिम फेरीच्या फेरसामन्यात कॉर्कविरुद्ध १९ व्या वर्षी ३-३ मारून देशभर गाजला. २०२१ मध्ये सरावात डोक्याला मार लागून तो दीर्घकाळ खेळाबाहेर राहिला. हेल्मेट कवटी आणि चेहरा वाचवते. आत मेंदूला बसणारा हिसका ते थांबवू शकत नाही. पूर्ण बरा होऊन परतल्यावर त्याने २०२४ मध्ये क्लेअरसोबत पुन्हा अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवले आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम हर्लिंगपटू ठरला. मेंदूला मार बसल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढावे आणि त्या दिवशी पुन्हा उतरवू नये, अशी जीएएची सूचना आहे. मुलांच्या सामन्यात तिची अंमलबजावणी मैदानाच्या कडेला उभ्या प्रशिक्षकावरच असते, कारण क्लबच्या छोट्या मैदानावर डॉक्टर बहुधा नसतो आणि मूल स्वतः ‘मी ठीक आहे’ असेच सांगते.